नळी बदलली आणि गाडी जास्त बिघडली: व्हीजीटी टर्बोच्या एका दुरुस्तीची नोंद

काका इंदूरच्या सुदामानगरचे. बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. गाडी २०१७ सालची, बीएस-४, चार सिलिंडरची डिझेल, ९४ हजार किलोमीटर धावलेली. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण या मापाच्या बहुतेक डिझेल गाड्यांत टर्बोची मांडणी थोड्याफार फरकानं हीच असते. तक्रार एका वाक्याची होती: "गावात मस्त चालते, घाटात दम सोडते."

घाट म्हणजे इंदूर-खंडवा रस्त्यावरचा भेरूघाट. काका-काकू महिन्यातून एकदा ओंकारेश्वरला जातात. जाताना उतार, त्यामुळे काही कळत नाही. परतताना बडवाह सोडलं की चढ सुरू होतो, आणि तिथे तिसऱ्या गियरमध्ये पाय तळाला लावला तरी गाडी रडतखडत चढते. काळा धूर नाही, आवाज नाही, फक्त मीटरवर पिवळा दिवा. दुसऱ्या एका गॅरेजनं टर्बो बदलायला सांगितला होता. ५२ हजारांच्या अंदाजपत्रकाची घडी काकांच्या खिशात होती, आणि बोलताना ते ती सारखी चाचपून बघत होते.

माझ्याकडचा पोरगा एक चक्कर मारून आला नि म्हणाला, "भिया, नीचे से पिकअप ही नी ले री." खालून म्हणजे कमी आरपीएमला, इंजिन हळू फिरत असताना. निदानाची अर्धी दिशा त्या एका शब्दात होती.

पहिली भेट

टर्बोचं काम थोडक्यात असं. सिलिंडरमधून निघालेला गरम धूर टर्बाइनचं चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं कॉम्प्रेसरचं चाक बाहेरची हवा दाबून आत ढकलतं. छोट्या गाडीत हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्ये पेटंट घेतलं तेव्हापासूनची अडचण एकच आहे. इंजिन हळू फिरत असताना धूर कमी, म्हणून दाब कमी. जोरात फिरताना धूर इतका की दाब नको तितका. व्हीजीटीमध्ये, म्हणजे धुराची वाट लहान-मोठी करता येणाऱ्या टर्बोत, यावर उपाय म्हणून टर्बाइनभोवती छोट्या पात्यांचं कडं असतं. पाती मिटली की वाट अरुंद होते आणि थोडाच धूर जोरात चाकावर आदळतो, नळीच्या तोंडावर अंगठा दाबल्यावर पाणी लांब जातं तसा. पाती उघडली की वाट मोकळी.

ही पाती हलवतो एक रॉड. रॉडला ओढतो डबीतला रबरी पडदा. पडद्याला ओढतो व्हॅक्यूम, आणि किती व्हॅक्यूम सोडायचा ते ठरवतो एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप. सोलेनॉइडला कॉम्प्युटर टक्केवारीत हुकूम देतो. या गाडीत टक्के वाढले की व्हॅक्यूम वाढतो, पाती मिटतात, दाब चढतो. व्हॅक्यूम गेला तर पाती आपोआप उघडतात. म्हणजे नळी तुटली तर गाडी मरगळेल, पण इंजिन फुटणार नाही. रचना शहाणपणाची आहे.

आता या प्रकरणाची किल्ली. या डबीवर रॉडची जागा सांगणारा सेन्सर नाही. कॉम्प्युटरला माहीत असतं ते दोनच: मी किती टक्के हुकूम दिला, आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत, दाब किती आला. मधलं सगळं, म्हणजे पंप, सोलेनॉइड, दोन हात लांबीची नळी, पडदा, रॉड, कडं आणि पाती, त्याच्या दृष्टीनं अंधारात. स्कॅनरवर "व्हीजीटी ६४ टक्के" दिसलं की पुष्कळ मेकॅनिक समजतात पाती ६४ टक्के मिटलीत. तो नुसता हुकूम असतो.

स्कॅनरवर बिघाडाचा कोड होता पी०२९९, अंडरबूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब मागणीपेक्षा कमी. हात लावण्याआधी मी नेहमी एक फुकटची तपासणी करतो: चावी ऑन, इंजिन बंद, आणि मॅप सेन्सरचं, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरचं, वाचन. हा सेन्सर निरपेक्ष दाब दाखवतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, त्यामुळे इथे तो ९५ किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. १०१ दाखवत असेल तर आपण चेन्नईत तरी आहोत किंवा सेन्सर खोटं बोलतोय. काकांच्या गाडीत ९५ आला. सेन्सर खरा.

मग राऊ-महू रस्त्यावर तिसऱ्या गियरमध्ये १५०० आरपीएमपासून पाय पूर्ण दाबून ३५०० पर्यंत ओढ घेतली. दोन वेळा. २००० आरपीएमला कॉम्प्युटरनं मागितला होता २१५ किलोपास्कल, आला १६८. हुकूम ९० टक्क्यांवर जाऊन थांबलेला, तीच त्याची कमाल मर्यादा. ३००० च्या वर मात्र फरक दहाच्या आत, कारण तिथे धूरच इतका असतो की पाती अर्धवट उघडी असली तरी चालतं. धूर काळा का नव्हता तेही यातच आहे. हवा कमी आली की कॉम्प्युटर डिझेलही कमी देतो, म्हणून गाडी धुराऐवजी दम सोडते.

हुकूम कमाल आणि दाब किमान. म्हणजे शक्ती वाटेत कुठेतरी सांडत होती. पंपाशी गेज लावला तर ०.८५ बार, उत्तम. डबीपाशी लावला तर ०.३८. मधली नळी हातानं चाचपत गेलो आणि टर्बोजवळ, एक्झॉस्टच्या उष्णतेच्या बाजूला, ती बोटांत कडकन वाजली. रबर वाळवणाच्या कुरडईसारखं झालेलं. वाकवून धरल्यावर बारीक चीर दिसली, एरवी दिसत नव्हती.

नवी नळी टाकली, उष्णता सोसणारी. परत तोच रस्ता, तीच ओढ: २००० ला मागितले २१५, आले २१३, हुकूम ६४ टक्के. साडेचारशे रुपये घेतले. काका अंदाजपत्रकाची घडी उलगडून परत परत बघत होते, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. चूक इथेच झाली.

बारा दिवसांनी

फोन भेरूघाटातूनच आला. मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. "अरे, तू दुरुस्त केलीस की बिघडवलीस? आधी निदान चढत तरी होती."

आता लक्षण वेगळं होतं, आणि ते काकांनी इतकं नीट सांगितलं की मला फार विचारावं लागलं नाही. आधी गाडी चढावर सतत मरगळलेली असायची. आता ती जोरात चढत होती, आधीपेक्षा छान, आणि मधेच कुणीतरी मानगूट धरल्यासारखी बसली. दिवा लागला. कडेला घेऊन चावी बंद करून पुन्हा चालू केली तर पुन्हा झकास. पाच-सहा किलोमीटरवर परत तेच.

जे हळूहळू कमी पडतं ते बहुधा गळतीतलं किंवा घासणीतलं असतं. जे एकदम बसतं आणि चावी फिरवल्यावर परत उठतं, तो कॉम्प्युटरचा निर्णय असतो. त्यानं काहीतरी धोक्याचं पाहून डिझेल कापलं, आणि चावी बंद होईपर्यंत निर्णय बदलला नाही. यालाच लिंप मोड म्हणतात. दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा कोडही उलटा होता: पी०२३४, ओव्हरबूस्ट, दाब मागणीपेक्षा जास्त. त्या क्षणाची गोठवलेली नोंद अशी: २६५० आरपीएम, वेग ४८, पाणी ९३ अंश, मागितलेला दाब २०८, आलेला २४३.

नळी बदलण्याआधी दाब कमी, बदलल्यावर जास्त. पहिला संशय साहजिकच मी हात लावलेल्या जागेवर. नळी कुठे दबली का, की सोलेनॉइड व्हॅक्यूम देतोय पण सोडत नाहीये? सोलेनॉइडला बाहेरची हवा आत घ्यायला बारीक फिल्टर असतो. तो धुळीनं चोंदला तर डबीतला व्हॅक्यूम अडकून राहतो आणि पाती मिटलेलीच राहतात. इंदूरच्या उन्हाळ्यात ही शक्यता अजिबात लहान नाही.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा बघूनच घेऊ असं ठरवलं. डबीपाशी नळीत टी-जोड टाकला, लांब पाइप बॉनेटच्या फटीतून खिडकीवाटे आत आणला आणि गेज डॅशबोर्डवर टेपनं चिकटवला. पोऱ्याच्या एका हातात मोबाइल, गेजवर रोखलेला. दुसऱ्या मोबाइलवर स्कॅनरची नोंद चालू. मागच्या सीटवर काका, आणि वजनासाठी सिमेंटच्या तीन गोण्या. या वेळी राऊला गेलो नाही. सरळ तेजाजीनगर, सिमरोल, आयआयटी ओलांडून घाट उतरलो, खाली गाडी फिरवली आणि चढायला लागलो.

पहिली पाच-सात मिनिटं काहीच नाही. मागितला तितका दाब, हुकूम मधल्या भागात, सगळं शहाण्यासारखं. मग एका ट्रेलरमागे अडकलो, दुसऱ्या गियरमध्ये बैलगाडीच्या चालीनं. मोकळा पट्टा मिळाला तसा पाय दाबला. दाब १५० वरून चढत २०८ ला पोचला आणि थांबला नाही. २१५, २२५, २३५. कॉम्प्युटरनं हुकूम ६० वरून खाली ओढला: ४५, ३०, १५. डॅशबोर्डवरच्या गेजचा काटाही त्याच्याबरोबर झपकन पडला, ०.६ वरून ०.२ च्या खाली, अर्ध्या सेकंदात. दाब मात्र वरच. मग बोनेटखालून काहीतरी सुटल्यासारखं झालं, दाब एकदम १६० वर कोसळला, गाडीनं धक्का खाल्ला. पुन्हा चढला, पुन्हा अडला. तिसऱ्या खेपेला दिवा लागला आणि गाडी बसली.

मागून काका म्हणाले, "हेच. हेच होतं."

सोलेनॉइड निर्दोष होता. त्यानं व्हॅक्यूम वेळेवर सोडला होता. डबीनं सोडला तरी पाती सुटली नव्हती.

कागदाची पट्टी

गाडी गरम असतानाच गॅरेजला आणली, घाईघाईनं, कारण थंड झाल्यावर ही परीक्षा निरर्थक ठरली असती. हातमोजे घातले, रॉडशेजारी जाड कागदाची पट्टी चिकटवली, डबीला हातपंप जोडला. व्हॅक्यूम थोडा थोडा वाढवत प्रत्येक टप्प्याला पेनानं रेघ. ०.१८ बारला रॉड हलायला लागला, ०.३० ला ३ मिलिमीटर, ०.४० ला ६, ०.५० ला ९, आणि ०.६२ ला १२ मिलिमीटरवर टोकाला टेकला. चढताना सरळ हिशोब.

मग सोडायला लागलो. ०.५० आला, रॉड १२ वरच. ०.४० आला, १२ वरच. ०.३४ च्या खाली गेला तेव्हा खट् आवाज आला आणि रॉड एका दमात ५ वर. त्यानंतरचा भाग पुन्हा गुळगुळीत. पट्टीवर एका बाजूला पाच रेघा, दुसऱ्या बाजूला वरच्या अर्ध्या भागात नुसता कोरा कागद.

खातरजमा म्हणून काटा ०.५ ला ठेवून एक मिनिट थांबलो. हलला नाही, म्हणजे पडदा शाबूत. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना तीच परीक्षा केली तर चढता-उतरता फरक जेमतेम ०.०६. अडकणं फक्त गरम असताना, आणि फक्त ६ मिलिमीटरच्या पलीकडे.

तो ६ चा आकडा बघून माझी ट्यूब पेटली. जुन्या गळक्या नळीतून डबीला जास्तीत जास्त ०.३८ बार मिळत होता. पट्टीवर ०.३८ म्हणजे साडेपाच मिलिमीटर. याचा अर्थ कित्येक महिने ही पाती त्यापुढे मिटलीच नव्हती! जिथे पाती घासत नाहीत तिथे काजळी बसणारच. मी नवी नळी टाकली, पाती पहिल्यांदा पूर्ण मिटायला लागली, आणि थेट काजळीच्या बिछान्यात जाऊन रुतली. म्हणजे गळकी नळी इतके दिवस अडकणाऱ्या पात्यांना झाकून ठेवत होती. एका दोषानं दुसऱ्याला पदराखाली घेतलेलं, आणि मी पदर ओढला.

राऊच्या रस्त्यावर हे का दिसलं नाही? काही सेकंदांच्या दोन ओढी, रिकामी गाडी. टर्बाइनचं घर नीट तापलंच नव्हतं. घाटात सात-आठ मिनिटं भार खाल्ल्यावर धातू फुगतो, पात्यांच्या दोन्ही बाजूची मुळातच केसाएवढी फट आणखी कमी होते, आणि तीत काजळी असेल तर संपलंच. ज्या परिस्थितीत तक्रार होते त्याच परिस्थितीत परीक्षा घ्यावी, हे मला पंधरा वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. तरी मी राऊलाच गेलो होतो, कारण ते जवळ आहे.

शहरात का कळत नाही

काकांना मी विचारलं, आधी गाडी कशी चालवायचा? नोकरीची शेवटची वर्षं ते खंडव्याच्या शाखेत होते. सोमवारी पहाटे जायचं, शनिवारी परत, दर आठवड्याला भेरूघाट दोन्ही बाजूंनी. निवृत्तीनंतर गाडी अन्नपूर्णा मंदिर, भाजी, नातवाची शाळा. चार किलोमीटर, बंद. तीन किलोमीटर, बंद. ओंकारेश्वर महिन्यातून एकदा.

काजळी स्वतःहून जळायला साधारण ५५० ते ६०० अंश लागतात. पूर्ण भारावर डिझेलचा धूर त्याच्याही वर जातो. गावात चालवताना मात्र तो दोन-तीनशेच्या आसपास रेंगाळतो, आणि त्यात ईजीआर वॉल्व्ह जळका धूर परत इंजिनात सोडत असतो, म्हणजे काजळी तयार व्हायला उलट मदतच. शिवाय पात्यांना गावात कामच नाही. हलका पाय असला की ती एकाच पट्ट्यात किंचित इकडे-तिकडे होतात, पूर्ण पल्ला कधी मारत नाहीत.

कंट्रोलची बाजू तर अजून मजेशीर आहे. हलक्या भारावर कॉम्प्युटरचं लक्ष टर्बोच्या दाबाकडे नसतं. तो हवा मोजणाऱ्या सेन्सरकडे बघून ईजीआर किती उघडायचा ते ठरवत असतो, आणि पात्यांना नुसता तक्त्यातला हुकूम देतो. ईजीआरला धूर ढकलण्यापुरता मागचा दाब तयार झाला की झालं. बूस्टची खरी तपासणी, म्हणजे मागितलं काय आणि आलं काय, ही ठराविक आरपीएम आणि भाराच्या वर गेल्यावरच कसून होते. काकांची गाडी वर्षात किती मिनिटं तिथे जात होती? बोटांवर मोजता येतील इतकी. मुलाची परीक्षाच घ्यायची नाही आणि मग नापास कसा झाला नाही म्हणून खूश राहायचं, तसं.

२०२३ च्या एप्रिलपासून बीएस-६ गाड्यांना प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या रस्त्यावर उत्सर्जनाची परीक्षा लागू झाली. उशिरा झाली, पण योग्य झाली. आमच्यापासून तासाभरावर पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. तिथे गाडी पूर्ण दमानं पळवता येते. चार किलोमीटरवरच्या भाजीबाजारात महिनोन्महिने खेळवली तर तिचं काय होतं ते मात्र माझ्यासारख्याच्या दारात कळतं.

ओव्हरबूस्टच्या त्या तीन धक्क्यांचं कारण काकांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. कॉम्प्युटरमधल्या कंट्रोलरचं एक अंग तक्ता बघून अंदाज देतं. दुसरं अंग, इंटिग्रेटर, थकबाकीवरच्या व्याजासारखं आहे. मागितलं आणि मिळालं यांतला फरक राहिला की तो साठवत जातो आणि हुकूम वाढवत किंवा कमी करत जातो. नळी हळूहळू गळायला लागली तेव्हा यानंच महिनोन्महिने गुपचूप टक्के वाढवून गळती भरून काढली, म्हणून काकांना पत्ताच लागला नाही. पण पाती जाम झाल्यावर हाच स्वभाव नडला. दाब जास्त आहे म्हणून तो हुकूम कमी करत राहिला, पाती हलेनात, म्हणून आणखी कमी. रॉड खट् करून सुटला तेव्हा साठलेलं सगळं व्याज एकदम वसूल झालं. पाती गरजेपेक्षा जास्त उघडली, दाब कोसळला. मग उलट दिशेनं तेच. काका हसले. म्हणाले, "म्हणजे एनपीए लपवून ठेवलेली शाखा."

दुरुस्ती

टर्बो उतरवला. दांड्याची खेळ तपासली. आडवी थोडी खेळ असतेच, तो तेलाच्या थरावर तरंगतो. पुढे-मागे जवळजवळ काही नाही. कॉम्प्रेसरची पाती घराला घासल्याची खूण नाही. म्हणजे ज्या वस्तूचे ५२ हजार मागितले होते तिचा गाभा ठणठणीत होता. आणखी एक गंमत म्हणजे त्या अंदाजपत्रकात नळीचा उल्लेखच नव्हता. नवा टर्बो जुन्या गळक्या नळीवर बसला असता तर डबीला ०.३८ च मिळाले असते आणि गाडी घाटात तशीच रडली असती.

टर्बाइनचं घर उघडण्याआधी दोन्ही भागांवर खूण केली, नाहीतर बसवताना डबीचा कोन चुकतो. आत कडं काळं कुळकुळीत. पात्यांच्या मुळाशी काजळीचा थर नखानं सुटत नव्हता, चहाच्या जुन्या भांड्याच्या तळासारखा. मिटण्याच्या बाजूला थर जाड, उघडण्याच्या बाजूला पातळ. पट्टीवर जे कागदावर दिसलं होतं तेच इथे धातूवर. द्रावणात रात्रभर भिजवलं, सकाळी मऊ ब्रशनं काढलं. पॉलिश पेपर लावायचा नाही, फट वाढते. आणि टोकाला एक अडसर-स्क्रू असतो, पाती जास्तीत जास्त किती मिटावी ते ठरवणारा. त्याला हातही लावायचा नाही. "थोडा पिकअप वाढवून देतो" म्हणून तो फिरवणारे उस्ताद गावात आहेत, आणि त्यांच्या गाड्या नंतर पी०२३४ घेऊन माझ्याकडे येतात.

काकांना कुणीतरी ईजीआर कायमचा बंद करून घ्यायचा सल्लाही दिला होता. मी करत नाही. प्रदूषणाच्या नियमात ती छेडछाड आहे, आणि या गाडीत हवेचा, ईजीआरचा आणि पात्यांचा हिशोब एकमेकांत गुंतलेला असल्यामुळे एक धागा कापला की बाकीचे तक्ते खोटे पडतात. ईजीआर वॉल्व्ह काढून साफ केला, परत लावला.

जोडताना नवे गॅस्केट, तेलाच्या पाइपला नवे तांब्याचे वॉशर, सोलेनॉइडचा फिल्टर नवा, तेल आणि तेलाचा फिल्टर नवा. पहिल्यांदा इंजिन चालू करण्याआधी डिझेल तोडून नुसतं स्टार्टरवर फिरवलं, टर्बोपर्यंत तेल पोचावं म्हणून. एकूण बिल तेलासकट साडेआठ हजार. पहिल्या वेळचे साडेचारशे त्यातून वजा केले. काका नको म्हणत होते, पण ते पैसे माझ्या चुकीचे होते.

गरम गाडीवर पुन्हा पट्टी. उतरताना रॉड आता व्हॅक्यूमबरोबर टप्प्याटप्प्यानं सुटत गेला. चढत्या रेघांशी पूर्ण जुळलं नाही, थोडा फरक राहिलाच. ९४ हजार चाललेल्या कड्यात झीज असते. मग त्याच घाटात, त्याच गोण्या घेऊन, मुद्दाम एका टँकरमागे रखडत जाऊन पाय दाबला. मागितला २०८, चढला २१६ पर्यंत, सेकंदाच्या आत खाली येऊन स्थिर. तीन वेळा केलं. काकांनी चौथ्यांदा करायला लावलं.

पुढची नोंद

दोन आकडे ठरवून दिले. एक, तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण पायावर २००० आरपीएमला हुकूम किती टक्के. साफसफाईनंतर तो ६१ होता. हा वाढत गेला तर कुठेतरी गळती किंवा अडथळा वाढतोय, आणि कॉम्प्युटर तो झाकतोय. दोन, घाटात पाय दाबल्यावर दाब मागणीच्या किती वर उडतो. तो आता ८. हा वाढला तर पाती सुटायला कुरकुर करतायत. कोड यायच्या कितीतरी आधी हे दोन आकडे बोलतात. पहिल्या भेटीत मी हुकूम ६४ बघितला होता, पण उसळी मोजलीच नव्हती.

रविवारी सकाळी पोहे खाऊन काका आता सिमरोल ओलांडून घाटाखालपर्यंत जाऊन येतात, परतताना चढावर तिसऱ्या गियरमध्ये, इंजिन नीट तापल्यावरच. काकूंचं म्हणणं आहे की हे निमित्त आहे आणि खरा रस जिलबीत आहे. मी त्यात पडत नाही.

दर तीन महिन्यांनी गाडी माझ्याकडे दहा मिनिटांसाठी येते. काकांनी लेजरसारखी वही केली आहे: तारीख, किलोमीटर, टक्के, उसळी. पहिल्या पानाला कागदाच्या दोन्ही पट्ट्या टाचणीनं लावलेल्या, आधीची आणि नंतरची. पहिल्या तिमाहीला ६२ आणि ९. दुसऱ्याला ६३ आणि ९. उसळी २० च्या पुढे गेली तर कोडची वाट न बघता पुन्हा उघडायचं, असं आमचं ठरलं आहे. तिसरी नोंद दिवाळीच्या आठवड्यात.